घरात चालणारा रोलरकोस्टर: कोण कोण बनवतंय?

चाक_आणि_रूळ

नमस्कार मंडळी. आगगाड्यांच्या मॉडेलवर इथे धागे आहेत, रिमोटच्या विमानांवर आहेत, गणपतीतल्या हलत्या देखाव्यांवर तर दर श्रावणात एक निघतोच, पण रोलरकोस्टरवर एकही सापडला नाही म्हणून हा काढतोय. शोकेसमध्ये ठेवायचा नव्हे, चालणारा. मोटर फक्त साखळीला, ती गाडी वर ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते, पुढचं सगळं गाडीने त्या उंचीच्या जिवावर करायचं.

माझा सध्याचा साधारण १:२५ मापाचा आहे, पुण्यातल्या कर्वेनगरच्या फ्लॅटमधली एक खोली त्याने खाल्लीये (घरचं मत विचारू नका). रूळ टिग वेल्डिंगच्या फिलर रॉडचे, २.४ एमएमच्या, तांब्याचा मुलामा असलेल्या. या रॉड सरळ मीटरभर लांबीच्या मिळतात त्यामुळे तार सरळ करत बसायचं काम वाचतं. स्लीपरला (रुळांना जोडणाऱ्या आडव्या काड्यांना) को-टू वेल्डिंगची १.२ एमएमची तार, फॅब्रिकेशनवाल्याकडे रिळाच्या तळाशी उरलेली असते, मागितली तर देतो. चाकं म्हणजे ६२३ नंबरची बेअरिंग, आतलं भोक ३ एमएम, बाहेरून १०. गाडीच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन, एक रुळावर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. ते खालचं चाक बरेच जण कंटाळून गाळतात आणि मग पहिल्याच टेकाडावर गाडी हवेत जाते. खऱ्या कोस्टरवरही हे चाक पहिल्यापासून नव्हतं, जॉन मिलर या कोस्टर डिझायनरने त्याचं पेटंट घेतलं १९१९ च्या सुमाराला, आणि मग कुठे मोठ्या उतारांची सोय झाली.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. आधी गाडी बनवा, रूळ नंतर. सगळे उलटं करतात, मस्त लूप-बिप काढून ट्रॅक उभा करतात आणि मग गाडी लूपच्या निम्म्यात जाऊन मागे येते. का, तर पुस्तकातल्या गणितात घर्षण शून्य असतं, खऱ्या मोठ्या कोस्टरमध्ये ते उंचीच्या मानाने कमी असतं, आणि आपल्याकडे मात्र तेच सगळं ठरवतं. छोट्या मॉडेलमध्ये भांडण घर्षणाशी आहे.

मोजायचं कसं: दोन सरळ रॉडचा एक मीटरचा तुकडा जोडा, गाडी ठेवा, एक टोक हळूहळू उचला. हलकासा धक्का दिल्यावर गाडी ज्या उतारावर एकाच वेगाने जात राहते, थांबतही नाही आणि पळतही सुटत नाही, ती उंची मोजा. समजा ४ सेंटिमीटर आली. हा तुमचा एक्स्प्रेसवेचा टोल, दर मीटरला ४ सेंटिमीटर उंची भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मग तोच प्रयोग वाकवलेल्या तुकड्यावर करा, तिथे बाजूची चाकं घासतात म्हणून टोल जास्त येईल.

हे दोन आकडे हातात आल्याशिवाय कागदावर रेघ ओढू नका.

मिसळ_जादा_तर्री

वाखुसा (वाचनखूण साठवली). पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). आणि फोटो??

सदाशिव_पेठी

एवढा सगळा खटाटोप करून गाडी परत होती तिथेच येणार ना?

चाक_आणि_रूळ

@सदाशिव_पेठी, हो. तुम्ही रोज सकाळी तळजाईला जाता ते सुद्धा परत घरीच येता.

@मिसळ, फोटो टाकतो, आत्ता खोलीत सगळीकडे पक्कड, कानस आणि चहाचे कप आहेत.

पेठेतला_पंखा

विषय भारी आहे. पण ते लूपचं गणित जरा उलगडून सांगा ना, इंजिनिअरिंगला होतो पण कॉमर्सवाल्यासारखं सांगा.

चाक_आणि_रूळ

सांगतो. २० सेंमी व्यासाचा गोल लूप धरा, म्हणजे त्रिज्या १०. लूपच्या माथ्यावर गाडीला निदान एवढा वेग पाहिजे की ती रुळाला चिकटून राहील, आणि तो वेग मिळायला माथ्याच्याही वर अर्धी त्रिज्या उंची लागते, म्हणजे ५ सेंमी. २० अधिक ५, पंचवीस. हेच ते पुस्तकातलं अडीच पट त्रिज्या. आता समजा सुटल्यापासून लूपपर्यंत २ मीटर रूळ आहे, टोल ४ ने ८ सेंमी गेले. लूपच्या आत माथ्यापर्यंत अजून ३०-३२ सेंमी लांबी, सरळ हिशोबाने सव्वा सेंमी व्हायला पाहिजे, पण तिथे गाडी रुळावर तिच्या वजनाच्या कितीतरी पट दाबली जाते आणि घर्षण त्या दाबाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून मी तिथे चौपट धरतो, ५ सेंमी. झाले ३८. मी ४५ ठेवीन. पुस्तकातल्या २५ च्या भरवशावर जो बसला त्याची गाडी लूपमध्ये शिरून मागेच येणार.

खालचं चाक असेल तर वेग थोडा कमी पडला तरी गाडी खाली पडत नाही, लटकत-लटकत पलीकडे जाते. पण दिसायला ते अगदीच केविलवाणं दिसतं.

नवसागर

धागा आवडला. मी टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस आहे, भोसरीत आयुष्य गेलं, मॉडेलं आगगाडीची करतो पण तारकाम तेच आहे. डाख लावण्याबद्दल (सोल्डरिंगबद्दल) कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण निम्मी मंडळी तिथेच हात टेकतात.

इलेक्ट्रॉनिक्सची २५ वॉटची इस्त्री इथे उपयोगाची नाही. रॉड उष्णता ओढून नेते आणि शिसं नुसतं गोळा होऊन बसतं, आत शिरत नाही. १०० वॉटची घ्या, टोक रुंद असलेली. जोडाची जागा आधी पॉलिश पेपरने नुसती पुसल्यासारखी घासा, तांब्याचा मुलामा पूर्ण काढायचा नाही, त्यावरच डाख छान धरतो. स्लीपर रुळाखाली बसवून बारीक तांब्याच्या तारेचे दोन वेढे घालून बांधा, हाताने धरून डाख देणारा माणूस मी अजून यशस्वी झालेला पाहिला नाही. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावतात ते रसायन) लावा, इस्त्री खालून टेकवा, शिसं वरून, इस्त्रीला नाही तर रॉडला. रॉड पुरेशी तापली की शिसं एकदम चकाकतं आणि स्वतःहून फटीत ओढलं जातं, तो क्षण दिसला की इस्त्री काढायची आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत हात लावायचा नाही. डाख थंड होताना हलला तर वरून दाणेदार, मळकट दिसतो, तो जोड पुढे-मागे सुटणारच.

आता खरी गंमत, शेजारचा स्लीपर तीन सेंमीवर असतो आणि तो तुम्ही कालच लावलेला असतो. या जोडाची उष्णता तिकडे गेली की तो उघडतो. म्हणून प्रत्येक वेळी शेजारच्या जोडाला ओल्या फडक्याची चिंधी गुंडाळायची. आणि रात्री उठण्याआधी सगळा तुकडा कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवायचा. फ्लक्स अ‍ॅसिडचा असतो, तसाच ठेवलात तर आपल्याकडच्या जुलै महिन्यात रुळाला पंधरवड्यात तांबेरा येतो.

गेज (दोन रुळांमधलं अंतर) राखायला पितळेच्या पट्टीला दोन खाचा कानसून घ्या आणि ती पट्टी प्रत्येक स्लीपरला लावून बघा. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, अर्ध्या एमएमचा फरक डोळ्याला दिसत नाही पण बाजूच्या चाकाला बरोबर कळतो.

चाक_आणि_रूळ

काका, हे वेगळ्या धाग्यात टाका म्हणजे सापडेल. तुमचं टोपणनाव का ते पण आत्ता कळलं, डाखकामात नवसागर लागतोच.

एक भर घालतो, दोन रॉडचा सांधा डावीकडे आणि उजवीकडे एकाच जागी आणू नका, निदान १५-२० सेंमीचं अंतर ठेवा. दोन्ही सांधे समोरासमोर आले की तिथे ट्रॅकला कोपरा पडतो, किती घासलं तरी जात नाही.

फिलामेंट_फाटका

सगळं छान आहे पण २१ व्या शतकात डाख? थ्रीडी प्रिंट करा ना राव. मी पूर्ण ट्रॅक कॅडमध्ये काढतो, २० सेंमीचे तुकडे प्रिंट करतो, एकमेकांत खटाखट बसतात, बँकिंग (वळणावर रुळाला द्यायचा कल) हवं तेवढं अचूक मिळतं, हाताने वाकवताना ते कसं काय मिळवता देव जाणे. आणि डिझाइन आधी नोलिमिट्स २ मध्ये चालवून बघायचं, २०१४ पासून आहे ते सॉफ्टवेअर, खऱ्या कोस्टरवाले पण वापरतात.

चाक_आणि_रूळ

प्रिंटला माझा विरोध नाही, गाडीची बॉडी मी पण प्रिंटच करून घेतो एका मित्राकडून. पण रुळाच्या बाबतीत तीन गोष्टी. एक, प्रिंटच्या थरांच्या रेघांवरून चाक जातं तेव्हा टोल वाढतो, घासून गुळगुळीत केलं तर ठीक, पण मग तुमचे तास वाचले कुठे. दोन, पीएलए (प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंशाला मऊ पडतं, मे महिन्यात प्रदर्शनाला न्यायला ट्रॅक गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवून सिग्नल-सिग्नल करत सिंहगड रोडने गेलात तर पोचेपर्यंत तुमच्या अचूक बँकिंगचं जे व्हायचं ते होईल. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक वापरा म्हणजे निदान तेवढं तरी टळेल. तीन, सिम्युलेटरमधली गाडी कित्येक टनांची असते. तुमची २०० ग्रॅमची आहे. वळणं कशी दिसतील ते बघायला सिम्युलेटर उत्तम, गाडी पोचेल का ते तो सांगू शकत नाही.

फिलामेंट_फाटका

तिसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धा मान्य. दुसऱ्यावर नो कमेंट्स 😐

बँकिंगचं सूत्र मात्र मॉडेललाही तेच लागू आहे ना? कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग भागिले (जी गुणिले त्रिज्या)?

चाक_आणि_रूळ

हो तेच. गाडी सेकंदाला २ मीटर आणि वळणाची त्रिज्या २५ सेंमी असेल तर कोन जवळजवळ ५८ अंश येतो. बघताना वाटतं फारच कलता झाला, पण तेवढा दिला की बाजूच्या चाकांवर भार येत नाही आणि वळणावरचा टोल सरळ रुळाच्या जवळ येतो. कंजूषपणा करून ३० अंशावर थांबलात तर घर्षणात पैसे भरा.

कावळा_नं_७

लूप गोल करू नका हे कोणी सांगितलं की नाही? खऱ्या कोस्टरचा लूप थेंबाच्या आकाराचा असतो, वर लहान त्रिज्या आणि खाली मोठी. गोल लूप करून बघितलाय लोकांनी, १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाचा होता, लोकांच्या माना दुखावल्या आणि तो बंद पडला. कारण गोल लूपमध्ये तळाशी माणसाला सहापट वजन जाणवतं. मग नीट थेंबाकार लूप आला तो थेट १९७६ ला, कॅलिफोर्नियातला रेव्होल्यूशन, श्वार्झकॉफचा कोस्टर आणि स्टेंगेलचं गणित.

पेठेतला_पंखा

पण आपल्या मॉडेलमध्ये बसलाय कोण? कोणाची मान दुखणारे?

कावळा_नं_७

मान नाही पण डौल आहे ना.

चाक_आणि_रूळ

डौल सोडा, फायदा रोकडा आहे. मगाशी म्हणलं तसं घर्षण दाबाच्या प्रमाणात. गोल लूपच्या तळाशी गाडी वजनाच्या सहापट दाबणार म्हणजे तेवढ्या तुकड्यात टोल पण सहापट. थेंबाकारात तळाची त्रिज्या मोठी म्हणून दाब कमी, टोल कमी. शिवाय वरची त्रिज्या लहान म्हणून माथ्यावर कमी वेग पुरतो. म्हणजे स्टेंगेलने जे माणसांच्या मानेसाठी केलं ते आपण बेअरिंगसाठी करायचं.

करायला अवघड नाही. माथ्याचा अर्धा भाग लहान डब्यावर वाकवा, खालचे दोन हात मोठ्या पातेल्यावर, आणि मधला भाग हाताने हळूहळू उघडत न्या. एकदम एका त्रिज्येतून दुसऱ्यात उडी नको, तिथे गाडी ठेच लागल्यासारखी उसळते. दोन्ही रूळ एकत्र बांधून एकदमच वाकवा म्हणजे जुळे होतात.

आर्याची_आई

नमस्कार, मी इथे नवीन आहे. मुलगी आठवीत आहे, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी हेच करायचं म्हणून हटून बसली आहे. तीन आठवडे आहेत. घरात हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर सोडून काही नाही, आणि १०० वॉटची इस्त्री वगैरे वाचून मलाच घाम फुटला. तिला झेपेल असं काही आहे का? लेगोचा सेट बघितला पण किंमत बघून लगेच बंद केला.

नवसागर

ताई, डाखाच्या नादी लागू नका तीन आठवड्यांत.

चाक_आणि_रूळ

आर्याची_आई, स्वागत. लेगोचा मोठा लूपवाला, २०२२ चा, तो ३७५६ तुकड्यांचा आणि ९२ सेंमी उंच आहे, सुंदर आहे, पण प्रदर्शनात परीक्षक विचारणार "तू काय केलंस?" आणि उत्तर येणार "जोडला".

तिच्यासाठी गाडी नको, गोटी. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं फोमचं वेष्टण असतं ना, ते एसी दुरुस्तीवाल्यांकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. कात्रीने लांबीत उभं कापा, एका नळीचे दोन पन्हळ होतात. भिंतीला चिकटपट्टी, मधे खुर्च्या, पुस्तकांच्या चळती, हवा तसा ट्रॅक अर्ध्या तासात उभा आणि अर्ध्या तासात बदलता येतो. काचेच्या गोट्या घ्या आणि सायकलच्या दुकानातून छर्ऱ्याच्या थोड्या मोठ्या स्टीलच्या गोळ्या.

मग तिला एवढंच करायला सांगा की लूप एकच ठेवायचा आणि गोटी सोडायची उंची थोडी थोडी वाढवत जायची, कुठल्या उंचीपासून गोटी लूप पूर्ण करते ते वहीत. पुस्तक म्हणतं त्रिज्येच्या अडीच पट, पण गोटी घसरत नाही, गडगडते, म्हणजे थोडी ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात जाते, म्हणून घर्षण नसतं तरी २.७ पट लागली असती. फोममध्ये त्याहून बरीच जास्त येईल. ती किती जास्त आणि का, हाच तिचा प्रोजेक्ट. मॉडेल दिसायला साधं असलं तरी चालेल, वही तिची पाहिजे.

मिसळ_जादा_तर्री

हे मीच करतो आता. वय वर्षे ४१.

इलेक्ट्रॉन_बाबा

लिफ्ट आणि ब्रेक या विषयावर माझे दोन पैसे.

लोक मोटर उगाच दांडगी घेतात. हिशोब करा: २०० ग्रॅमची गाडी, ४५ अंशाचा चढ, साखळीच्या चाकाची त्रिज्या १ सेंमी, तर लागणारा टॉर्क साधारण दीडशे ग्रॅम-सेंमी, घर्षण धरून दुप्पट म्हणा. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपास १२ व्होल्टची ६० आरपीएमची गिअर मोटर मागा, ती याच्या कितीतरी पट ओढते. १ सेंमीच्या चाकावर ६० आरपीएम म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा सेंमी, मीटरभराचा चढ १६ सेकंदांत. याहून जोरात नेऊ नका, वर जातानाची उत्सुकता हीच तर निम्मी मजा.

ताकदीचा प्रश्न नसतोच, प्रश्न असतो गाडीखालचा आकडा साखळीत नीट अडकण्याचा. आकडा ढिला, स्वतःच्या वजनाने खाली पडणारा ठेवा. माथ्यावर साखळी खाली वळते तिथे तो आपोआप सुटला पाहिजे, त्यासाठी साखळीचं वरचं चाक माथ्याच्या दोन-तीन सेंमी अलीकडे बसवा आणि गाडीचा पुढचा डबा तोवर उतारावर आलेला असू द्या, तो मागच्यांना ओढून घेतो.

आणि मागे न घसरण्याची सोय कराच. महावितरणची कृपा कधी होईल सांगता येत नाही, गाडी चढावर आणि लाइट गेली की साध्या गिअर मोटरवर भार उलटा फिरू शकतो. दोन उपाय, वर्म गिअरची मोटर घ्या, ती उलटी फिरत नाही, किंवा चढाच्या मधोमध दातेरी पट्टी आणि गाडीखाली पितळेची पातळ जीभ. दुसरा उपाय केलात तर तो टक् टक् टक् आवाज पण फुकट मिळतो. खऱ्या कोस्टरवर जो ऐकू येतो तो साखळीचा नसतो, याच दातांचा असतो.

फिलामेंट_फाटका

ब्रेक?

इलेक्ट्रॉन_बाबा

लिहितोय, जेवायला उठलो होतो.

ब्रेकला रबर-फोम घासणारे लोक आहेत, चालतं पण दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबते. चुंबकाचा ब्रेक करा. गाडीच्या पोटाखाली तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी उभी लटकवायची आणि रुळाच्या मधे निओडिमिअम चुंबकांच्या जोड्या समोरासमोर, त्यांच्या फटीतून ती पट्टी जाते. पट्टीत भोवरे प्रवाह तयार होतात आणि ते गतीला विरोध करतात. वीज नाही, झीज नाही, लाइट गेली तरी काम करतो. तांब्याची पट्टी तांबट आळीत कापातली मिळून जाते, जितकी जाड तितका जोर.

दोन सावधगिरीच्या सूचना. रूळ लोखंडी आणि बेअरिंग पण लोखंडी, त्यामुळे चुंबक उघडे ठेवलेत तर गाडी ब्रेकने नाही, चाक चिकटून थांबेल, तेही झटक्याने. म्हणून पट्टी निदान २ सेंमी खाली लोंबती ठेवा, आणि चुंबकांच्या पाठीला लोखंडी पत्रा लावा म्हणजे चुंबकीय क्षेत्र फटीतच राहतं, बाहेर कमी सांडतं. आणि हा ब्रेक गाडी पूर्ण थांबवत नाही, कारण वेग कमी होत गेला की विरोध पण कमी होत जातो. चालण्याच्या वेगापर्यंत आणतो, शेवटी स्टेशनात एका छोट्या सर्व्हो मोटरने अडवायचं. आर्डुइनो (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि एक आयआर सेन्सर बास.

मिसळ_जादा_तर्री

दोन गाड्या एकावेळी सोडता येतील का?

इलेक्ट्रॉन_बाबा

येतील, पण मग ट्रॅकचे ब्लॉक पाडावे लागतात. रेल्वेसारखंच, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी गाडी पूर्ण अडवता आली पाहिजे. दोन गाड्यांना कमीत कमी तीन ब्लॉक, चढ, मधला ट्रॅक, स्टेशन. मधल्या ट्रॅकचा शेवट स्टेशनच्या दारात, तिथे दुसरा सर्व्हो. कोथरूडचं जोशी म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे बघितलं नसेल तर बघून या, १९९८ पासून आहे, एकाच वेळी किती गाड्या न धडकता चालवता येतात ते तिथे कळतं.

सदाशिव_पेठी

धडकल्या तर जास्त लोक बघायला येतील.

ऊनपाऊस_११

माझा प्रश्न जरा वेगळा. यूट्यूबवर मॉडेल कोस्टरचे व्हिडिओ बघते तेव्हा गाडी उंदरासारखी सर्रकन जाते, खरी वाटतच नाही. इमॅजिका पार्कच्या नायट्रो कोस्टरला खाली उभं राहून बघताना ती जशी संथ उचलते आणि मग कोसळते, तसं मॉडेलमध्ये कधी दिसेल का?

चाक_आणि_रूळ

चांगला प्रश्न, यावर मी बरीच डोकेफोड केलीये. गुरुत्वाकर्षण मापात लहान होत नाही, तिथे गोची आहे. ४० मीटरवरून पडणारी गाडी तळाशी सेकंदाला २८ मीटर, म्हणजे तासाला १०० किलोमीटरच्या आसपास. १:२५ च्या मॉडेलमध्ये ती उंची १.६ मीटर, आणि वेग येतो सेकंदाला ५.६ मीटर. खरं वाटायचं असेल तर तो २८ भागिले २५, म्हणजे १.१ मीटर पाहिजे होता. थोडक्यात मॉडेल पाचपट घाईत धावतं, आणि पाच हे २५ चं वर्गमूळ, योगायोग नाही.

त्यावर उपाय कॅमेऱ्यात आहे. फोनवर १२० फ्रेमने शूट करा आणि २४ ने दाखवा, बरोबर पाचपट संथ. १:२५ साठी तर हे इतकं तंतोतंत बसतं की मी माप तेच धरलं. गाडी माथ्यावर रेंगाळते, मग कलंडते, अगदी तुम्ही म्हणता तशी. आवाज मात्र काढून टाका, पाचपट संथ केलेलं बेअरिंग ऐकवत नाही.

ऊनपाऊस_११

१:२५ का ते आत्ता कळलं! धन्यवाद.

वेल्डर_नाही_मी

हा धागा वाचून गाडी केली, ट्रॅक नाही केला, आज्ञाधारक माणूस आहे मी. टोल मोजला तर मीटरला ९ सेंमी येतोय. ६२३ चीच बेअरिंग आहेत, नवी कोरी. काय घोळ असेल? गाडी जड करून बघू का?

चाक_आणि_रूळ

नवी कोरी आहेत हाच घोळ. लहान बेअरिंगमध्ये कंपनी ग्रीस भरून पाठवते, ते मोठ्या भाराला ठीक, आपल्या २०० ग्रॅमला ते ग्रीसच ब्रेक होतं. झेडझेड लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूचं झाकण पत्र्याचं आहे आणि त्याला बारीक फट असते, उघडायची गरज नाही. आयपीए म्हणजे आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये झाकणबंद बाटलीत टाकून हलवा, ते गढूळ झालं की ओता, पुन्हा, स्वच्छ निघेपर्यंत. स्वयंपाकघरात गॅसजवळ करू नका, गच्चीत करा. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब. बोटाने फिरवल्यावर आधी जे लगेच थांबत होतं ते आता फिरतच राहील.

वजनाचं म्हणाल तर, चाक रुळावर गडगडतानाचं घर्षण वजनाच्याच प्रमाणात वाढतं म्हणून तिथे फायदा शून्य. पण ग्रीसचा आणि हवेचा विरोध वजनावर अवलंबून नाही, तिथे जड गाडी जिंकते, सांध्यांवरून पण ती ठामपणे जाते. मी शिशाचे तुकडे खाली, चाकांच्या पातळीला लावतो. फार वाढवलंत तर २.४ ची रॉड दोन खांबांच्या मधे झोळ घेते आणि मग प्रत्येक खांब हे एक नवं टेकाड.

नवसागर

अजून एक बघा. आस सरळ रेषेत आहे का? बाजूच्या चाकांत आणि रुळात अर्धा एमएम मोकळीक ठेवा. घट्ट बसवलं म्हणजे चांगलं बसवलं असं नसतं.

वेल्डर_नाही_मी

बेअरिंग धुतली, काकांनी सांगितलेली मोकळीक पण दिली. साडेतीन!! 😄 आता कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

आर्याची_आई

फोमचं काम जोरात सुरू आहे, हॉलमध्ये चालायला जागा नाही. तिचा एक प्रश्न, स्टीलची गोळी इतकी जड असून काचेच्या गोटीएवढ्याच उंचीवरून का सोडावी लागते, जडवाली जोरात जायला पाहिजे ना. मी म्हटलं विचारते.

कावळा_नं_७

कारण जडवालीला खाली ओढणारा जोर जास्त आणि तिला हलवायला लागणारा जोर पण त्याच पटीत जास्त. दोन्ही कटतात. हवेत दोन दगड सोडले तर जे होतं तेच.

चाक_आणि_रूळ

बरोबर, पण तिला उत्तर सांगून टाकू नका हो, तिलाच अजून एक मोजायला लावा. एकाच काचेच्या पण लहान आणि मोठ्या गोटीची उंची वेगळी येते का. फोमच्या पन्हळीत मोठी गोटी दोन्ही कडांना घासते, तिथे फरक पडेल असं मला वाटतं. परीक्षकाने विचारलंच तर ती आकडे दाखवेल.

वेल्डर_नाही_मी

२.४ ची रॉड पुण्यात सुटी कोण देतं? मला पूर्ण पॅकेट नकोय, तीस-चाळीस रॉड बास. बोहरी आळीत दोन दुकानांत विचारलं, एकाने हसून विचारलं की काय पिंजरा करताय का.

चाक_आणि_रूळ

माझ्याकडे जादा आहेत, घेऊन जा, बदल्यात तुमच्याकडे निओडिमिअम चुंबक असतील तर द्या. रविवारी सकाळी मी जुन्या बाजारात असतो, तिथे जुन्या प्रिंटरचे गिअर आणि स्टीलच्या आस मिळतात, त्या ३ एमएमच्या बेअरिंगला बऱ्याचदा बसतात.

नवसागर

मी पण येतो, मला एक लहान शेगडा (व्हाइस) हवा आहे. पण दहाच्या आत या, नंतर पार्किंग नाही मिळत.

मिसळ_जादा_तर्री

मग नंतर मिसळ खायला कुठे? मी फक्त त्यासाठी विचारतोय.